धागा: सासऱ्यापासून साडूपर्यंत – अरबीतली लग्नाची नाती आणि त्यांची मुळं

शब्दवेल्हाळ (धागाकर्ता)
मराठीत नवऱ्याचा भाऊ, त्याची बायको, बायकोच्या बहिणीचा नवरा अशा प्रत्येकाला वेगळा शब्द आहे. इंग्रजीत सगळे एकाच पिशवीत. अरबीचं काय? शब्दकोश उघडला तर गोंधळ वाढतो. सासऱ्याला हम आणि सिह्र. जावयाला सिह्र, खतन आणि नसीब. शामी (सीरिया-लेबनॉनकडच्या) मालिकांमध्ये तर सून सासऱ्याला ‘अम्मी’ म्हणते, म्हणजे चक्क ‘काका’.

तर (१) यातलं कोण कुणाचं, (२) मुळं काय, आणि (३) आज सीरिया, इजिप्त, आखात, मोरोक्को इथली माणसं प्रत्यक्षात काय म्हणतात? बोली आणि ग्रंथ यांची सरमिसळ न करता लिहाल तर सगळ्यांनाच उपयोग होईल.

मूळधातू
आधी लिपीचा बंदोबस्त करू, नाहीतर पुढचं सगळं पाण्यात. अरबीत दोन ‘ह’ आहेत (एक घशातून घासून काढायचा), दोन ‘स’ आहेत (एक जाड), आणि ‘ऐन’ नावाचा खोल गळ्यातला व्यंजनवर्ण आहे. देवनागरीत हे सपाट होतात. म्हणून घशातला ह = ह़, जाड स = स़, ऐन = अ़, जाड द = द़ असं लिहितो. बाकीच्यांनीही हेच पाळावं.

न पाळल्यास काय होतं? लग्नाचा नातेवाईक म्हणजे स़िह्र, आणि जादूटोणा म्हणजे सिह़्र. नुक्ता काढा, दोन्ही ‘सिह्र’. तसंच सोयरा म्हणजे नसीब, आणि वाटा, दैव म्हणजे नस़ीब. आपलं ‘नशीब’ आलं ते जाड स वाल्यातून. ‘जावई म्हणजे नशीब’ हा विनोद ऐकायला बरा, व्युत्पत्ती म्हणून शून्य.

आता पहिला प्रश्न. जुन्या कोशकारांची वाटणी सुटसुटीत आहे आणि ती अस़्मई़ या आठव्या-नवव्या शतकातल्या भाषापंडिताच्या नावावर सांगितली जाते. अह़्मा (एकवचन ह़म) म्हणजे नवऱ्याकडची माणसं. अख़्तान (एकवचन ख़तन) म्हणजे बायकोकडची. अस़्हार (एकवचन स़िह्र) दोन्हींना लागू. म्हणजे बाईच्या दृष्टीने सासरचे ते ह़म, पुरुषाच्या सासुरवाडीचे ते ख़तन, आणि कुठलीच बाजू सांगायची नसेल तर स़िह्र. काही कोशकारांना ही विभागणी मान्य नव्हती, आणि पुढे ख़तनचा अर्थ ‘जावई’ एवढाच उरला.

उंबरठा
ह़म म्हणजे फक्त सासरा नाही का? सगळ्या पाठ्यपुस्तकांत तर तसंच असतं.

मूळधातू
आजच्या प्रमाण अरबीत सासराच. जुन्या भाषेत मात्र दीर आणि नवऱ्याचे चुलतभाऊसुद्धा ह़म. ‘अल्-ह़म्वु अल्-मौत’ (ह़म म्हणजे मृत्यू) ही हदीस (पैगंबरांचं वचन) त्याचा पुरावा. संदर्भ आहे परपुरुषाने स्त्रीसोबत एकांतात न बसण्याचा. तिथे ह़म म्हणजे दीर वगैरे मंडळी. सासरा नव्हे, कारण सासरा सुनेला लग्नासाठी कायमचा निषिद्धच असतो. इथे ‘सासरा’ असं भाषांतर केलं की वाक्याचा अर्थच उलटापालटा होतो.

व्याकरणाचा_कीडा
ह़मच्या विभक्तीबद्दल कुणीतरी सांगायलाच हवं, कारण नव्या विद्यार्थ्याची पहिली ठेच इथेच लागते. अरबीत ‘पाच नामं’ म्हणून एक छोटा गट आहे: अब (बाप), अख़ (भाऊ), ह़म (सासरा), फ़ू (तोंड), ज़ू (-वाला). पुढे षष्ठीचा शब्द किंवा सर्वनाम जोडलं की यांचा शेवटचा स्वर दीर्घ होतो:

कर्ता असेल तर ह़मू-की (तुझा सासरा)
कर्म असेल तर ह़मा-की
शब्दयोगी अव्ययानंतर ह़मी-की

अटी तीन. शब्द एकवचनी हवा, लघुत्वदर्शक रूप नको, आणि जोडलेलं सर्वनाम ‘माझा’ हे नको. ‘माझा सासरा’ तिन्ही ठिकाणी ह़मी, स्वर हलत नाही. विद्यार्थी ‘ह़मूई’ असलं काहीतरी बनवतात, ते अरबी नाही.

आणि वर मुद्दाम ‘-की’ लिहिलं आहे, ‘-का’ नाही. ‘-की’ म्हणजे बाईला उद्देशून ‘तुझा’. ह़म हा नवऱ्याकडचा, म्हणून तो बाईचाच असणार. जुने व्याकरणकार उदाहरण देताना ‘ह़मूहा’ (तिचा सासरा) लिहितात आणि कारणही सांगतात. आजच्या पुस्तकांत ‘ह़मूका’ सर्रास दिसतं. चूक म्हणणार नाही, अर्थ पसरला आहे.

स्त्रीलिंग ह़मात, अनेकवचन ह़मवात. एकटा शब्द उच्चारताना शेवटचा त गळतो (ह़मा), पुढे काही जोडलं की परत येतो: ह़माती, माझी सासू.

किनारपट्टी
हे त चं येणंजाणं बोलीत फार कामाचं आहे. इजिप्तमध्ये ‘माझा सासरा’ म्हणजे ह़माया, ‘माझी सासू’ म्हणजे ह़माती. शाममध्ये (सीरिया, लेबनॉन, जॉर्डन, पॅलेस्टाइन) ह़माय आणि ह़माती. दोघांमधला फरक एवढाच, या की ती. घाईत सासऱ्याला ‘ह़माती’ म्हणून टाकणं ही नवशिक्याची ठरलेली चूक.

सुनेला शाममध्ये किन्ने किंवा कन्ने, ग्रंथात कन्ना. इराकमध्ये क चा च होतो, म्हणून चन्ना. इजिप्तमध्ये मात्र रोजच्या बोलण्यात फोड करतात: मिरात इब्नी (माझ्या मुलाची बायको), गोज़ बिंती (माझ्या मुलीचा नवरा). शाममधली म्हण आहे: ‘मक्तूब अ़ बाब अल्-जन्ने, उ़म्रा ह़मा मा ह़ब्बेत किन्ने’. स्वर्गाच्या दारावर लिहिलंय, कुठल्या सासूने सुनेवर कधी माया केली नाही. जन्ने आणि किन्ने यांचं यमक जुळतं म्हणूनच ती टिकली असावी.

उंबरठा
ह़म आणि ‘उष्ण’ यांचा संबंध आहे असं वाचलं होतं. सासू गरम डोक्याची म्हणून ह़मात! हम्मामसुद्धा त्यातलाच ना?

मूळधातू
नाही, नाही आणि नाही :) हम्मामचा धातू ह़-म-म, तापवण्याचा. ‘राखणं, संरक्षण करणं’ याचा धातू ह़-म-य, आणि काहीजण ह़मला तिथेही बांधतात: सासरा म्हणजे घराचा रक्षक. दोन्ही मागाहून लावलेले अर्थ.

कारण ह़म हा शब्द अरबीपेक्षा जुना आहे. हिब्रूत हाम (नवऱ्याचा बाप) आणि हामोत (नवऱ्याची आई). बायबलमधल्या रूथच्या गोष्टीत नामी ही रूथची हामोत. इथिओपियाच्या गेएज़ भाषेत ह़म, ह़मात. आणि अक्कादीत, म्हणजे मातीच्या विटांवर कीलाकार लिपीत लिहिल्या जाणाऱ्या भाषेत, एमू आणि एमेतू. अक्कादीत घशातला ह़ गळून गेला आणि जाताजाता शेजारच्या अ चा ए करून गेला, म्हणून रूप अनोळखी वाटतं.

बाप, भाऊ, ह़म हे शब्द मुळात दोनच व्यंजनांचे, कुठल्याही धातूपासून न घडवलेले. तीन व्यंजनांच्या चौकटीत बसवायला अरबी व्याकरणाने त्यांना मागून एक व जोडला (ह़-म-व). म्हणून शब्दकोशात ते धातूखाली सापडतात, पण ‘धातूचा अर्थ = शब्दाचा अर्थ’ हे गणित इथे लावायचं नाही. ‘बाप’ कुठल्या क्रियापदापासून आला हे आपण विचारतो का? तसंच.

गंमत म्हणजे हिब्रूतही हाम = गरम असा वेगळा शब्द आहे, त्यामुळे हाच विनोद तिकडेही जमतो.

शब्दवेल्हाळ
मग ख़तनचं काय? खतना म्हणजे सुंता. जावई आणि सुंता एकाच धातूत?

मूळधातू
एकाच धातूत, हो. ख-त-न. आणि इथे संबंध मोडीत काढता येत नाही. हिब्रूत हातान = वर, जावई; होतेन = बायकोचा बाप (मोशेचा सासरा इथ्रो हा त्याचा होतेन). अक्कादीत ख़तनू = लग्नाने झालेला नातेवाईक, जावई. सुंता हा अर्थ मुख्यतः अरबीत. सुंता हा पूर्वी लग्नाआधीचा विधी होता, तो वधूकडच्या पुरुषांच्या देखरेखीखाली व्हायचा, अशी एक मांडणी आहे. बायबलमध्ये निर्गम ४:२६ ला सुंतेच्याच प्रसंगात ‘रक्ताचा हातान’ हे शब्द येतात, त्यावर ती टेकलेली आहे.

हिब्रूतली वाटणीही बघा: हाम नवऱ्याकडचा, होतेन बायकोकडचा. अस़्मई़च्या अह़्मा-अख़्तानसारखीच. म्हणजे ती वाटणी कोशकारांनी टेबलावर बसून बनवलेली नव्हती.

किनारपट्टी
कोकणातल्या बेने इस्रायली लग्नांचा इथे खरा संबंध आहे. मातृभाषा मराठी, पण केतुबा (विवाहकरार) अरामी भाषेतला, त्यात वर तो हातान आणि वधू ती कलता. ही कलता, हिब्रू कल्ला (वधू, सून), अक्कादी कल्लतू आणि अरबी कन्ना ही एकाच घरातली भावंडं, अरबीत ल चा न झाला. कन्नाला क-न-न (झाकणं, आडोसा देणं) या धातूवर बसवून ‘पडद्यातली ती सून’ सांगतात, ते पुन्हा मागून चिकटवलेलं.

आणि होतेनच्याच धातूतून हिब्रूत मेहुतान बनला, म्हणजे नेमका आपला व्याही. अरबीत व्याह्याला रोजच्या वापरातला असा स्वतंत्र शब्द नाही. ‘आमचे नसायब’ (सोयरे) म्हणून सगळ्यांना एकत्र गुंडाळतात.

मोडीवाचक
नसीबवरून. धातू न-स-ब, वंश आणि संबंध सांगणारा. याच धातूतला ‘निसबत’ पेशवाईच्या कागदांत पानोपानी भेटतो: ‘अमुक निसबत तमुक’, म्हणजे अमुक हा तमुकाच्या चाकरीतला, त्याच्याशी संबंधित. तेव्हा नसीब (सोयरा) मराठी वाचकाला परका नाही, फक्त चुकीच्या नातेवाईकाजवळ, नशिबाजवळ, बसवला जातो.

ग्रंथांत नसब म्हणजे रक्ताचं नातं आणि स़िह्र म्हणजे लग्नाचं. कुराणात (२५:५४) दोन्ही शेजारी येतात: पाण्यापासून माणूस घडवला आणि त्याला नसब आणि स़िह्र दिलं. बोलीत मात्र न-स-ब धातूतला नसीब लग्नाच्या नात्याकडे सरकला. शब्दांच्या बाबतीत असली अदलाबदल नेहमीचीच.

उंबरठा
स़िह्रचा धातू वितळवणं, ना? म्हणजे दोन घराणी वितळून एक झाली. हे तरी खरं असू द्या.

मूळधातू
अर्धं. स़-ह-र मध्ये वितळवणं आहेच, कुराणात २२:२० ला त्याच अर्थाने क्रियापद येतं, आणि आजच्या भौतिकशास्त्रात इन्स़िहार म्हणजे वितळण. पण इब्न फ़ारिस (मृत्यू १००४) हा धातूंचे मूळ अर्थ लावण्यात मुरलेला माणूस, त्याने स़-ह-र ची दोन वेगळी मुळं मांडली: एक जवळीक, दुसरं वितळवणं. दोन्ही जोडायचा मोह त्यालाही टाळता आला, आपणही टाळू. लग्नाच्या भाषणात वापरा, कोशात नको.

बातमीदार_३
भाषांतर करणाऱ्यांसाठी स़िह्र हा शब्द म्हणजे सापळा. पैगंबरांचे सासरे अबू बक्र आणि उमर, जावई उस्मान आणि अली, चौघेही अस़्हार. आजच्या वर्तमानपत्रांतही तेच. ‘स़िह्र ट्रम्प’ म्हणजे जॅरेड कुशनर, जावई. लेबनॉनच्या राजकारणात मिशेल औन यांचे जावई जिब्रान बासिल यांना नुसतं ‘अस़्-स़िह्र’ म्हटलं तरी लोकांना कळतं. पण ‘स़िह्र बशार अल्-असद’ म्हणजे आसिफ शौकत (जुलै २०१२ च्या दमास्कस स्फोटात मारले गेले), बशारच्या बहिणीचे नवरे, म्हणजे मेहुणे. तेच शौकत बशारचे वडील हाफ़िज़ अल्-असद यांचे जावई.

पद्धत: स़िह्र दिसला की थेट ‘जावई’ लिहू नका. आधी दोघांच्या वयातलं अंतर बघा, मग कुणाचं लग्न कुणाशी झालं ते शोधा. बातमीत सापडलं नाही तर ‘सोयरे’ लिहा. मोघम आहे, पण खोटं नाही.

जात्यावरची
जाऊ आणि साडू राहिले की!

साडू: अ़दील. इराक, आखात, शाम, सगळीकडे कळतो. धातू अ़-द-ल, समतोल. उंटाच्या दोन बाजूंना लादलेल्या सारख्या वजनाच्या ओझ्यातलं एक म्हणजे इ़द्ल, आणि उंटावरच्या कजाव्यात पलीकडच्या बाजूला बसून तोल साधणारा सहप्रवासी म्हणजे अ़दील. एकाच घरच्या दोन बहिणी केलेले दोघे, एकाच उंटावर, समोरासमोर. एक उतरला की दुसरा कलंडणार. आपल्याकडे हाच धातू अदालत आणि आदिलशाहीतून आला. उर्दूत साडूला हमज़ुल्फ़ म्हणतात, तो फारसी आहे, अरबी नव्हे, आणि त्यातल्या ‘हम’चा (= सह) वरच्या ह़मशी काडीचाही संबंध नाही.

जाऊ: सिल्फा (शाममध्ये सिल्फे). इजिप्तमध्येही हाच. नवऱ्याचा भाऊ, म्हणजे दीर, शाममध्ये सिल्फ. इथे एक वळण आहे. जुन्या कोशांत सिल्फ म्हणजे साडू! दोन बहिणींशी लग्न केलेले दोघे ते ‘सिल्फान’. बायकांसाठी हा शब्द चालतो की नाही यावर जुन्या पंडितांत वाद होता. आज शाममध्ये तो बायकांच्याच तोंडी जास्त. तेव्हा जुना ग्रंथ वाचताना सिल्फ = साडू, शामी मालिका बघताना सिल्फ = दीर.

नणंद: शाममध्ये बिंत ह़माय, ‘सासऱ्याची मुलगी’. इजिप्तमध्ये उख़्त गोज़ी, ‘नवऱ्याची बहीण’. नणंदेला एकेरी शब्द हवा असेल तर मोरोक्कोला जा, तिथे लूसा (दीर तो लूस). पण तो अरबी नाही, अमाज़ीघ (बर्बर) भाषेतला आहे. मोरोक्कोत सासूला ल्-अ़गूज़ा म्हणतात, अ़जूज़ म्हणजे म्हातारी यावरून. आपल्याकडे ‘म्हातारी’ म्हणून सासूचा उल्लेख होतो तो तिच्या माघारी, तिकडे तो नात्याचाच शब्द झाला.

सवत: द़र्रा, धातू इजा करण्याचा. हिब्रूत त्सारा, तोच शब्द. उर्दू-मराठीत या द़ चा ज होतो, म्हणून आपलं ‘जरूर’ याच धातूतलं.

शब्दवेल्हाळ
अप्रतिम. आता ‘अम्मी’ राहिला. सासऱ्याला काका का?

मामंजी_आणि_मंडळी
कारण अनेकदा तो खरंच काका असायचा. अ़म्म म्हणजे बापाचा भाऊ, चुलता. अरब समाजात चुलत्याच्या मुलीशी (बिंत अ़म्म) लग्न ही जुनी पसंतीची सोयरीक. तिथे सासरा म्हणजे आधीपासूनचाच अ़म्म. मग परक्या घरात लग्न झालं तरी हाक तीच राहिली: सासऱ्याला अ़म्मी, सासूला मर्त अ़म्मी (काकाची बायको). आखातात कुठे सासूला अ़म्मती (आत्या), कुठे ख़ालती (मावशी) म्हणतात.

मराठीत तंतोतंत हीच यंत्रणा आहे, फक्त नातं वेगळं. आपल्याकडे पसंती मामाच्या मुलीला. म्हणून जावयाचा सासरा मामा, सुनेची सासू आत्या. आत्याच्या नवऱ्यालाही बऱ्याच घरांत मामाच म्हणतात, तेव्हा सुनेचा सासराही मामंजी. पुढे मामा-आत्यांशी काही संबंध नसलेल्या घरांतही ‘मामंजी’ आणि ‘आत्याबाई’ चालू राहिलं. चुलतभावंडांचं लग्न आपल्या हिंदू घरांत बसत नाही, त्यामुळे सासऱ्याला ‘काका’ ऐकून कानाला खटकतं. अरबाला ‘मामंजी’ तितकंच खटकेल.

सबटायटल करताना सून सासऱ्याला ‘या अ़म्मी’ म्हणाली तर ‘काका’ न लिहिता ‘मामंजी’ लिहा. शब्द बदलतो, हाकेचं काम तेच राहतं.

व्याकरणाचा_कीडा
वा. याला शंभर गुण.

किनारपट्टी
फॉर्म आणि शपथपत्रं भाषांतर करणाऱ्यांसाठी एक टीप. तिथे ह़म, स़िह्र, नसीब काहीच वापरू नका. फोड करून लिहा: वालिद अज़्-ज़ौज (नवऱ्याचे वडील), वालिदत अज़्-ज़ौजा (बायकोची आई). ज़ौज आणि ज़ौजा यांत लिहिताना शेवटच्या एका अक्षराचा फरक, आणि ते सुटलं की सासू या बाजूची त्या बाजूला जाते. भाषांतर झाल्यावर फक्त तेवढं अक्षर शोधत कागद एकदा वरून खाली वाचा.

आणि ज़ौज हा मुळात अरबीही नाही. ग्रीक ज़ेउगोस (जुंपलेली जोडी) अरामीतून अरबीत आला. त्या ग्रीक शब्दाचा चुलतभाऊ संस्कृत युग, आणि त्यातून आलेलं आपलं बैलांच्या मानेवरचं जू.

उंबरठा
शेवटचा प्रश्न. ‘ह़मातक बित्ह़िब्बक’ म्हणजे शब्दशः ‘तुझी सासू तुझ्यावर प्रेम करते’. हे जेवताना का म्हणतात?

जात्यावरची
जेवताना नाही, तुम्ही नेमके पानं वाढत असताना दारात आलात तर. सासूची माया आहे म्हणून वेळ साधली गेली, असा भाव. अविवाहित माणसालाही म्हणतात. पाहुणी बाई असेल तर ‘ह़मातिक बित्ह़िब्बिक’, दोन्ही ठिकाणी क च्या आधी इ. त्यावर आभार मानत बसायचं नसतं, हात धुऊन पानावर बसायचं.